राहतो की जातो

समोर एक डोंगर असू द्या. पुण्याजवळच्या भूगावात असाल तर तो शोधावा लागणार नाही. चांदणी चौकातून पौड रस्त्याने पश्चिमेला निघालं आणि बावधन मागे पडलं, की मानस तलाव आणि आसपासच्या डोंगरसोंडा येतात. पुढे भुकूम, पिरंगुट, आणि मग मुळशीचा दाट सह्याद्री. दुसरीकडे कुठे असाल तर आठवणीतला डोंगर घ्या. पाठ सैल सोडा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. जवळ कागद-पेन असलं तर बरं, नसलं तरी चालेल.

आता आपण एका बिंदूला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहोत. त्रिमितीय फ्रॅक्टल नावाच्या आकृत्या याच प्रश्नातून तयार होतात. भूगावातल्या घरी, संगणकासमोर बसून, ही सूत्रं बदलून बघणं हा माझ्या संध्याकाळींचा उद्योग आहे. पडद्यावरची चित्रं दिपवून टाकतात आणि दिपलेल्या डोळ्यांना प्रश्न दिसत नाही. म्हणून आज चित्र नको. प्रश्नच बघू.

डोंगर थोडा वेळ बाजूला ठेवा. मनात एक सरळ रेषा आणा. मधे शून्य, उजवीकडे धन संख्या, डावीकडे ऋण. या रेषेवरचा कुठलाही एक बिंदू निवडा आणि त्याला 'क' म्हणा. आता शून्यावर उभे राहा. जिथे उभे आहात त्या संख्येचा वर्ग करा, त्यात क मिळवा, आणि जे उत्तर येईल त्या जागी जाऊन उभे राहा. मग पुन्हा तेच. मग पुन्हा तेच.

क म्हणून 1 घ्या. शून्याचा वर्ग शून्य, अधिक 1, म्हणजे 1. त्याचा वर्ग 1, अधिक 1, म्हणजे 2. मग 5. मग 26. मग 677. पाचव्या पावलातच कळतं की हा बिंदू परत येणार नाही. तो गेला.

क म्हणून −1 घ्या. शून्यावरून −1 वर. −1 चा वर्ग 1, त्यातून 1 गेला, पुन्हा शून्य. मग −1, मग शून्य. कितीही वेळ बसा, तो या दोन घरांतच राहील. तो राहिला.

राहतो की जातो, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर बिंदूकडे बघून कळत नाही, चालून बघावं लागतं. इथे थोडं थांबा. वर्ग आणि बेरीज शाळेतल्या मुलालाही येते. अवघड आहे ते न कंटाळता चालत राहणं.

आता 0.25 घ्या, पण सावकाश. पहिल्या पावलाला 0.25. दुसऱ्याला 0.3125. तिसऱ्याला साधारण 0.348. मग 0.371, मग 0.388. संख्या वाढते आहे, पण प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान आहे. ती 0.5 कडे सरकत राहते आणि तिथे कधीच पोचत नाही. 0.25 हा राहणारा बिंदू आहे, आणि उजव्या बाजूचा अगदी शेवटचा. त्याच्यापेक्षा केसभर मोठी संख्या घेतली की ती जाणार. प्रश्न एवढाच उरतो, की जायला वेळ किती लागणार.

2 ही परत न येण्याची मर्यादा धरू. 0.26 घेतलं तर ती ओलांडायला 30 पावलं लागतात. 0.2501 घेतलं तर 312. 0.250001 घेतलं तर 3140. हे आकडे पुन्हा वाचा. 30, 312, 3140. 1991 मध्ये डेव्हिड बोल यांना सीमेजवळची ही वाट तपासताना ते दिसले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, पाय, इथे पावलांच्या संख्येत उमटतं आहे. कुठेही वर्तुळ काढलेलं नाही. कारण मात्र समजण्यासारखं आहे: 0.5 जवळ असताना प्रत्येक पाऊल म्हणजे 0.5 पासूनच्या अंतराचा वर्ग, अधिक 0.25 वरचा तो केसभर जादा भाग. अंतर जवळजवळ शून्य झालं की उरतो फक्त तो जादा भाग, आणि बिंदू त्या अरुंद जागेतून मुंगीच्या गतीने जातो. त्या वाटेला लागणारा वेळ गणिताने मोजला की पाय बाहेर येतो. मला ही गोष्ट फ्रॅक्टलच्या कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा सुंदर वाटते. सीमेपाशी धीर धरून मोजत बसलेल्या माणसालाच ती सापडू शकते.

इथे दोन-तीन श्वास घ्या.

आता रेषा सोडून प्रतलावर या. कागदासारखं सपाट मैदान, मधे शून्य. इथल्या बिंदूला दोन गोष्टी असतात: मध्यापासून त्याचं अंतर आणि त्याची दिशा. अशा बिंदूंना संमिश्र संख्या म्हणतात, आणि त्यांचा वर्ग करायचा म्हणजे अंतराचा वर्ग करायचा आणि दिशेचा कोन दुप्पट करायचा. बस. मग क मिळवायचा, म्हणजे क जेवढा सरकवतो तेवढं सरकायचं. वर्ग म्हणजे एकाच वेळी ताणणं आणि फिरवणं. अंतर 1 पेक्षा कमी असेल तर बिंदू आत ओढला जातो, जास्त असेल तर बाहेर फेकला जातो, आणि फिरणं दोन्ही वेळेला असतंच. मैदानावरच्या प्रत्येक बिंदूला क मानून हाच प्रश्न विचारा. जे राहतात ते काळे करा. जी आकृती उरते ती बन्वा मँडेलब्रॉट यांच्या नावाने ओळखला जाणारा संच. 1980 मध्ये त्यांनी ती संगणकावर पाहिली. तिच्या कडेला कितीही जवळ जा, कड सरळ होत नाही.

ही आकृती कोणी रेखाटलेली नाही, हे मनात नीट बसू द्या. सूत्र लिहिणाऱ्याला कुठली वळणं येणार हे माहीत नव्हतं. त्याने प्रश्न ठरवला. आकार उत्तरांचा आहे.

मग साहजिकच मनात येतं: प्रतलावर हे असं, तर अवकाशात काय? लांबी, रुंदी आणि उंची असलेला, हातात धरता येईल असा मँडेलब्रॉट संच कसा दिसेल? आता समोरच्या डोंगराकडे बघायला हरकत नाही. तिसरी मिती तिथे आहे. पण सूत्रात ती आणायची कशी, हे विचारताच पहिलं दार बंद असल्याचं कळतं.

प्रतलावरचा बिंदू म्हणजे दोन संख्यांची जोडी, आणि जोड्यांचा गुणाकार करता येतो. तीन संख्यांच्या त्रिकुटांचा तसाच गुणाकार आयर्लंडचे विल्यम रोवन हॅमिल्टन वर्षानुवर्षं शोधत होते. घरी मुलंही विचारायची, की बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? बेरीज-वजाबाकी जमत होती, गुणाकार नाही. 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनच्या रॉयल कालव्याच्या काठाने चालताना त्यांना कळलं की तीन संख्यांनी भागणार नाही, चार लागतील. त्या चार संख्यांच्या व्यवस्थेला क्वाटर्नियन म्हणतात, आणि तिच्यात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. पुढे 1877 मध्ये फ्रोबेनियस यांनी सिद्ध केलं की गुणाकार गट पाडून कसाही केला तरी उत्तर तेच यावं आणि शून्य सोडून कशानेही भागता यावं, अशी व्यवस्था वास्तव संख्यांवर फक्त 1, 2 आणि 4 मितींत होऊ शकते. तीन मितींत होत नाही. ज्या अवकाशात आपण उठतो-बसतो, ज्यात हा डोंगर उभा आहे, त्याच अवकाशाच्या वाट्याला स्वतःचा चांगला गुणाकार आलेला नाही.

हे सत्य थोडा वेळ नुसतं धरून बसा. ते सोडवायचं नाही, सोडवता येणारही नाही.

लोकांनी मग काय केलं? आधी चार मितींतून गेले. 1982 मध्ये अ‍ॅलन नॉर्टन यांनी क्वाटर्नियन वापरून आकृत्या काढल्या. चार मितींतल्या आकाराचा एक काप घ्यायचा आणि तो आपल्या तीन मितींत बघायचा. त्या आकृत्या गुळगुळीत, पिळदार आणि देखण्या आहेत. पण मँडेलब्रॉट संचच क्वाटर्नियनमध्ये काढायला गेलं तर निराशा होते. शून्यापासून सुरुवात केली की सगळी पावलं क च्याच एका प्रतलात पडतात, म्हणून मिळतो तो सपाट संचच, आसाभोवती फिरवलेला. कडेला जे बारकावे होते त्यांचे नुसते वेटोळे होतात. तिसऱ्या मितीने स्वतःचं असं काही सांगितलेलं नसतं.

आता दुसरी वाट. गुणाकार शक्य नसेल तर गुणाकाराची चाल तरी उचलता येईल का? प्रतलावर वर्ग म्हणजे अंतराचा वर्ग आणि कोन दुप्पट. अवकाशात बिंदूला एक अंतर आणि दोन कोन असतात. आपल्याला ते भूगोलातून माहीत आहेत: रेखांश आणि अक्षांश. डॅनियल व्हाइट यांनी 2007 च्या सुमारास हेच सुचवलं, की अंतराचा घात करा आणि दोन्ही कोन त्याच पटीत वाढवा. घात 2 ठेवला तेव्हा आकृती ओबडधोबड आली, हवे तसे बारकावे दिसेनात. 2009 मध्ये पॉल नायलँडर यांनी घात वाढवून पाहिला. घात 8 केल्यावर जे दिसलं त्याला मँडेलबल्ब हे नाव मिळालं आणि ते टिकलं.

हे पाऊल आपण मनात टाकून बघू. मध्यावर बसलेले तुम्ही, भोवती पृथ्वीच्या गोलासारखी अवकाशाची कल्पना. बिंदू असा घ्या: अंतर 0.9, रेखांश 10 अंश, अक्षांश 5 अंश. अंतराचा आठवा घात साधारण 0.43. रेखांश 80 अंश. अक्षांश 40 अंश. म्हणजे बिंदू आत ओढला गेला, गोलाला जवळजवळ पाव फेरी मारून आला आणि उत्तरेकडे चढला. आता त्यात मूळ बिंदू मिळवा, म्हणजे सुरुवातीला मध्यापासून ज्या दिशेने जेवढा दूर होता तेवढा पुन्हा सरकवा. हे एक आवर्तन झालं. तेच पुन्हा. अक्षांश 20 अंश असता तर आठ पटीने 160 झाला असता, म्हणजे बिंदू ध्रुव ओलांडून पलीकडच्या बाजूला 20 अंशांवर उतरला असता. ध्रुवावरून जाताना त्याचं काय होतं याकडे लक्ष ठेवा. सगळे रेखांश तिथे एका टोकाला येऊन मिळतात. विषुववृत्ताजवळ ऐसपैस असलेली नक्षी तिथे चिंबते, आणि दुसरीकडे ओढलेल्या सायीसारखी ताणली जाते. मँडेलबल्बच्या पृष्ठभागावर मधेमधे बारकावे नसलेले पट्टे दिसतात ते यामुळे. सूत्राचा स्वभावच तसा आहे.

दुसरी एक गोष्ट कागदाशिवायही दिसते. घात 8 असलेला बल्ब ध्रुवाच्या आसाभोवती 7 वेळा सारखा येतो, 8 वेळा नाही. मूळ बिंदू काही कोनातून फिरवला तर घात केल्यानंतरचा बिंदू त्याच्या आठपट कोनातून फिरतो. दोघांची बेरीज जुळायची तर आठपट आणि एकपट यांतला फरक, म्हणजे सातपट, पूर्ण फेरी असायला हवा. मी घात 5 केला तेव्हा 4 पाकळ्या आल्या, आणि एक आकडा बदलल्यावर काय बदलेल हे आधी सांगता येण्याचा तो आनंद मी विसरलेलो नाही. सूत्रांवर प्रयोग करताना मी एका वेळी एकच आकडा बदलतो, आणि बदलण्याआधी काय होईल ते लिहून ठेवतो. दोन आकडे एकदम बदलले तर चित्र मिळतं, समज मिळत नाही.

पुन्हा शांत बसा. नक्षी ताणली जाते हे आपण पाहिलं. ती न ताणता, आकार न बिघडवता, अवकाशाला फिरवता-वाकवता येईल का? प्रतलावर ही मोकळीक भरपूर आहे. वर्ग करा, घन करा, लहान चौकोन मध्याखेरीज सगळीकडे चौकोनच राहतो, फक्त लहानमोठा होतो आणि वळतो. म्हणून तर मँडेलब्रॉट संचाच्या आत कितीही खोल गेलं तरी नक्षी विस्कटत नाही. अवकाशात मात्र जोसेफ लिऊव्हिल यांचं 1850 चं प्रमेय आडवं येतं. तीन मितींत लहान आकार जपणाऱ्या क्रिया मोजक्याच: सरकवणं, फिरवणं, आरशात पाहणं, सारख्या प्रमाणात लहानमोठं करणं, आणि गोलाच्या आतलं बाहेर, बाहेरचं आत करणं. या आणि यांच्या जोडण्या. बाकी काही नाही. हे दुसरं बंद दार, आणि पहिल्यापेक्षा याबद्दल बोललं जातं कमी. मला मात्र हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बंद होताना या दाराने हातात नेमकी हत्यारं ठेवली.

2010 मध्ये टॉम लोव यांनी मँडेलबॉक्स हे सूत्र मांडलं. त्यात गुणाकाराची नक्कल नाही, कोन नाहीत, घात नाहीत. त्यात लिऊव्हिलच्या यादीतल्याच क्रिया आहेत. घडीची पोळी करताना घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी, पुन्हा लाटणं. हे सूत्र तसं चालतं. घडी अशी: लांबी, रुंदी, उंची या तिन्ही आकड्यांत जो 1 पेक्षा मोठा असेल तो 2 मधून वजा करा, जो −1 पेक्षा लहान असेल तो −2 मधून वजा करा, मधला असेल त्याला हात लावू नका. म्हणजे 1 आणि −1 या भिंतींवर अवकाश आत दुमडायचं. मग गोलाची घडी: बिंदू मध्यापासून 0.5 च्या आत असेल तर त्याला 4 ने गुणा, 0.5 आणि 1 यांच्या दरम्यान असेल तर त्याच्या अंतराच्या वर्गाने भागा. बाहेर असेल तर सोडून द्या. शेवटी लाटणं: सगळ्याला 2 ने गुणा आणि मूळ बिंदू मिळवा.

हे सूत्र हाताने चालवता येतं. चला, एका अक्षावरून चालवू, म्हणजे एकच आकडा सांभाळायचा.

बिंदू 1 घ्या. भिंतीवरच आहे, घडी पडत नाही. अंतर 1, गोलाचीही घडी नाही. दुप्पट 2, अधिक 1, म्हणजे 3. आता 3 ला घडी: 2 वजा 3, म्हणजे −1. दुप्पट −2, अधिक 1, म्हणजे −1. त्याला घडी नाही. दुप्पट −2, अधिक 1, पुन्हा −1. थांबला. 1 हा राहणारा बिंदू.

आता 3. घडीने −1, दुप्पट −2, अधिक 3, म्हणजे 1. त्याची दुप्पट 2, अधिक 3, म्हणजे 5. घडीने −3, दुप्पट −6, अधिक 3, म्हणजे −3. घडीने 1, मग पुन्हा 5. पाच, उणे तीन, पाच, उणे तीन. हाही राहतो, पण येरझारा घालत.

आता 7. घडीने −5, दुप्पट −10, अधिक 7, म्हणजे −3. इथे वाटतं की हा सुद्धा राहील. पुढे या: 9. मग −7. मग 17. मग −23. मग 49. घड्या पडत आहेत, पण लाटणं त्यांच्या पुढे गेलं आहे. 7 गेला.

या तीन बिंदूंवर जेवढा वेळ रेंगाळावंसं वाटेल तेवढा रेंगाळा. मँडेलबॉक्सची कमानी, खोल्या, जिने आणि घुमटांनी भरलेली जी चित्रं लोकांनी काढली आहेत, ती याच घड्यांची आहेत. फरक एवढाच, की तिथे तिन्ही अक्ष एकदम चालतात आणि लक्षावधी बिंदूंना हा प्रश्न विचारला जातो. कमान कुणी रचली नाही.

घड्यांच्या या भाषेत जुनी आकृतीही बोलू लागते. 1926 मध्ये कार्ल मेंगर यांनी वर्णन केलेला स्पंज: घनाचे 27 लहान घन करा, मधला आणि सहा बाजूंचे मधले असे 7 काढा, उरलेल्या 20 घनांवर हेच करा. दहा वेळा केल्यावर घनफळ 5 टक्क्यांच्याही खाली येतं आणि पृष्ठभाग वाढतच राहतो. काढून टाकत करायची ही कृती तिन्ही आकडे धन करणं, मोठ्याकडून लहानाकडे लावणं, 3 ने गुणणं आणि सरकवणं एवढ्याच क्रियांनीही करता येते.

आता एक प्रश्न, जो बरेच जण विचारत नाहीत. राहणारे बिंदू अवकाशात कुठेतरी आहेत, ठीक. पण ते आपल्याला दिसतात कसे? पृष्ठभागाचं समीकरण कुणाकडेच नाही. 1989 मध्ये जॉन हार्ट, डॅनियल सँडिन आणि लुई कॉफमन यांनी यावर जी रीत दिली ती मनन करण्यासारखी आहे. डोळ्यापासून एक किरण सोडा. जिथे आहात तिथून विचारा: आकृती माझ्यापासून निदान किती दूर आहे? नक्की अंतर मिळत नाही. पण बिंदू किती वेगाने पळतो आणि त्याच्या शेजारचा बिंदू त्याच्यापासून किती वेगाने फुटतो, या दोन गोष्टींवरून निदान एवढं तरी अंतर मोकळं आहे असं सांगता येतं. मग तेवढंच पुढे जा. पुन्हा विचारा. पावलं लहान होत जातात. ती पुरेशी लहान झाली की थांबा आणि म्हणा, इथे पृष्ठभाग आहे.

मोकळं आहे तेवढंच चालायचं. अशी वाट अंधाऱ्या खोलीत आपणही काढतो. आणि 'पुरेशी लहान' म्हणजे किती, हे सूत्र सांगत नाही, आपण ठरवतो. मर्यादा मोठी ठेवली तर नक्षी वितळलेली दिसते. फार लहान ठेवली तर संगणक रात्रभर चालतो आणि पृष्ठभागावर धुळीसारखे ठिपके येतात. आपण जो पृष्ठभाग बघतो तो आपल्या धीराच्या मर्यादेवर दिसलेला असतो. भूगावचा डोंगरही मला दुपारी तलावावरून एक दिसतो आणि पायथ्याशी उभं राहिल्यावर दुसरा.

तर आता डोंगराकडे पूर्ण लक्ष द्या. वरपासून खाली नजर उतरवा. हा बेसॉल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर. मोठ्या सोंडेवर लहान सोंडा, त्यांच्यावर आणखी लहान. घळींना फुटलेल्या घळी. पावसाळ्यात त्यांतून ओहोळ उतरतात, ओहोळांचे ओढे होतात. खाटपेवाडीच्या बाजूने येणारी रामनदी अशीच पाणी गोळा करत भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असं वाहत मुळेला मिळते. नकाशावर तिच्या फांद्यांकडे बघितलं की एकच आकार लहानमोठ्या मापांत पुन्हा येताना दिसतो. तरीही मी या डोंगराला फ्रॅक्टल म्हणताना जरा अडखळतो. डोंगर सूत्रातून आलेला नाही. त्याच्यातली पुनरावृत्ती काही पायऱ्यांनंतर दगडाच्या कणांपाशी संपते, आणि प्रत्येक घळीला आपापला पाऊस आणि आपापला खडक मिळालेला असतो. रामनदीच्या फांद्या तर आता भराव आणि बांधकामांनी कापल्या जात आहेत, आणि तो आकार कुठलंही सूत्र पुन्हा काढून देणार नाही. याचं मला दुःख आहे.

माणसाने दगडात केलेली पुनरावृत्ती मात्र सूत्राच्या जास्त जवळ आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर आठवा, यादवकाळातलं, भूमिज शैलीचं. चारी दिशांना चार उभ्या पट्ट्या, त्यांना लता म्हणतात, आणि मधल्या जागेत खालून वर लहान होत जाणाऱ्या शिखरांच्या ओळी. मोठं शिखर लहान शिखरांचंच बनलेलं आहे. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले कीर्ती त्रिवेदी यांनी 1989 मध्ये हिंदू मंदिरांकडे फ्रॅक्टल विश्वाच्या प्रतिकृती म्हणून पाहणारा शोधनिबंध लिहिला. हार्ट आणि त्यांचे सहकारी किरणांची पावलं मोजत होते तेच हे वर्ष. शिखर बांधणाऱ्या सूत्रधाराची पुनरावृत्ती दोन-तीन पायऱ्यांवर थांबते, कारण छिन्नीला आणि आयुष्याला मर्यादा असते. पण नियम एकच ठेवायचा आणि माप बदलत जायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोंदेश्वरासमोर उभं राहिलं की मला संगणकावरचा बॉक्स जास्त कळतो. उलटंही होतं.

आता शेवटचा टप्पा, आणि तो तुमचा आहे. अवकाशात खरा, एकमेव मँडेलब्रॉट संच नाही. दोन प्रमेयांनी ते मिटवून टाकलं आहे. म्हणून इथे लिहिलेलं प्रत्येक सूत्र ही कुणाची तरी निवड आहे. मँडेलबल्बर नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम उतरवून घेतलात तर एक पाऊल बल्बचं आणि एक पाऊल बॉक्सचं अशी मिसळही चालवता येते, आणि त्यातून काय निघेल हे आधी सांगता येणारा कुणी नाही. पण पहिला प्रयोग हाताने करा, असं मी मनापासून सांगेन. मँडेलबॉक्सच्या लाटण्यातला 2 हा आकडा बदलून −1.5 करा, म्हणजे प्रत्येक वेळी थोडं कमी ताणायचं आणि बाजू उलटायची. बाकी काही बदलू नका.

1 पुन्हा चालवा. उणे दीड, अधिक 1, म्हणजे −0.5. तो गोलाच्या घडीत सापडतो आणि −2 होतो, −1.5 ने गुणून 3, अधिक 1, म्हणजे 4. घडीने −2, पुन्हा 3, पुन्हा 4. राहिला, आता नव्या घरात. मग 3 चालवा, जो मघाशी येरझारा घालत राहिला होता. घडीने −1, गुणून 1.5, अधिक 3, म्हणजे 4.5. मग 6.75. मग 10.125. तो गेला. बिंदू तोच आहे. त्याला विचारलेल्या प्रश्नातला एक आकडा बदलला.

मग 1 आणि 3 यांच्या मधे सीमा असणार, एक किंवा अनेक. 2 पासून सुरुवात करा.